केशरबाईंचे डोळे

४ एप्रिल २०१९, पाली

छापायचं यंत्र आज एकदाचं गोठ्यात बसलं. उतरवताना टेम्पोवाल्यानं विचारलं, ताई, रसवंती टाकताय का? दोन रूळ आणि एक भलंमोठं चाक दिसल्यावर माणसाला दुसरं सुचणार तरी काय. मी हो म्हणून टाकलं. प्यायला पाणी नाही आणि ही बाई उसाचा रस काढायला निघालीय, असं मनात म्हणत गेला असेल बिचारा.

गोठा रिकामा आहे म्हणून हे जमलं. गाई मांजरसुंब्याच्या रस्त्याला चारा छावणीत आहेत आणि त्यांच्यासोबत गहिनीनाथही तिथंच मुक्कामाला. नवऱ्याची आणि गाईंची एकत्र बोळवण झाली म्हणायची. सध्या माझी सकाळची शाळा, पोरांना चित्रकला शिकवून दुपारी घरी. मग घरात मी आणि आत्याबाई, दोघीच. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. पाणी वाटीत धरायला गेल्या ते निम्मं बाहेर. मी म्हटलं, आत्याबाई, लक्ष कुठंय?

हे सगळं लचांड माझ्या तोंडामुळं मागं लागलंय. संस्थेच्या बैठकीत सचिव सुग्रीवनं मोबाइलवर केशरबाईंचं नवं चित्र दाखवलं. केशरबाई म्हणजे आत्याबाईंची आई; आत्याबाईंचं माहेर आणि सासर एकाच गावात. बहात्तरच्या दुष्काळात पुरुष खडी फोडायला गेल्यावर हिनं गावातल्या बायका गोळा केल्या, लिटर-लिटर दूध जमवलं आणि स्वतः डोक्यावर घेऊन बीडला पोचवलं. त्यातून ही दूध संस्था उभी राहिली. कचेरीत त्यांचं एक रंगीत चित्र आहे, बीडच्या बंकट पेंटरनं काढलेलं. आता गालावरचा रंग पोपडे धरून सुटायला लागलाय. म्हणून सुग्रीवनं बीडच्या दुकानात फ्लेक्स करायला टाकलं. त्यात केशरबाई सायीसारख्या गोऱ्या, आणि मागं आकाशात ढग! ज्या गावात चार महिने ढग दिसला नाही त्या गावात.

माझा पारा चढला. मी उभी राहून म्हटलं, हे लावू नका, मी तांब्यावर करते. मग सगळ्यांना समजावत बसले, की तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरायच्या, रसायनात खोल करायच्या, त्यात शाई भरायची आणि ओल्या कागदावर दाबून काढायची, म्हणजे एका पत्र्यावरून सगळ्या सभासद बायकांना एकेक चित्र मिळेल. बायनाबाई, सगळ्यात जुन्या सभासद, म्हणाल्या, मग तर झ्याक. सुग्रीव म्हणाला, नऊ जूनला पुण्यतिथी. तोवर झालं तर वहिनी तुमचं, न्हाई तर माझं फ्लेक्स.

तोंड आधी चालतं आणि डोकं मागून, ही माझी खोड. कॉलेज सुटल्यापासून एकही ठसा काढलेला नाही मी.

११ एप्रिल

सुग्रीवनं चित्र घरी आणून दिलं. मला वाटलं होतं, आईची तसबीर घरात आली तर आत्याबाई हात फिरवतील, कुंकू लावतील. त्यांनी ती उचलली आणि तोंड भिंतीकडं करून ठेवली. मी पुन्हा सरळ केली, तासाभरानं पाहते तर पुन्हा भिंतीकडं. गोठा बळकावला त्याचा राग असेल, दुसरं काय. बोलायचं नाही आणि असलं काहीतरी करायचं, ही त्यांची जुनी तऱ्हा.

संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तू तशीच काढणार का तिला?"

मी म्हटलं, तशीच, पण हजार पटीनं चांगली. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, लवकर कर बाई. मी म्हटलं, करते हो, जीव घेता का.

१५ एप्रिल

टँकर आला. आमच्या वाट्याला दोन पिंपं. त्यातल्या एका कळशीवर माझा डोळा, कारण कागद भिजवायला पाणी लागतं आणि रसायनातून काढलेला पत्रा धुवायलाही लागतं. आणि आत्याबाईंनी काय करावं? पिंपातून कळशी भरली आणि माठात ओतायच्या ऐवजी माठाच्या शेजारी ओतली! अख्खी कळशी. फरशीवरून पाणी उंबऱ्यापर्यंत गेलं.

माझ्या तोंडून जे निघायला नको ते निघालं. हात जड झाले असतील तर सांगत जा, मी भरीन, म्हटलं. त्या लुगड्याचा पदर पाण्यात बुडवून परातीत पिळत बसल्या. तेवढं पाणीही टाकवत नव्हतं त्यांना. मी तणतणत गोठ्यात गेले आणि तिथं काही सुधरेना म्हणून परत आले तर अजून पिळतच होत्या.

१८ एप्रिल

मतदान. आत्याबाईंना घेऊन शाळेत गेले. आत जाताना चौकटीला खांदा आपटला, आणि यंत्रासमोर एवढा वेळ लावला की साहेब म्हणाले, आजी, नाक लावू नका, बटण दाबा. बाहेर रांगेत हशा. मला लाज वाटली. येताना बायनाबाईंनी उजव्या अंगानं हाक मारली तर ह्यांनी वळूनही पाहिलं नाही. म्हातारपणी माणूस ताठ होतो तो असा.

बोटाला मतदानाची शाई आणि नखांत छपाईची. दोन्ही निघत नाहीत.

२६ एप्रिल

आज पहिला ठसा निघाला.

 दाबासाठी वर घातलेली घोंगडी बाजूला केली, कागदाचं टोक धरून सोलला. काळे काठ, काळा पदर, केशरबाईंचं कपाळ, सगळं आलं. मी गोठ्यात एकटीच नाचले. मग धावत आत्याबाईंकडं नेला. त्यांनी कागद अगदी नाकाशी धरला आणि मान वाकडी करून करून एकेक कोपरा पाहिला. सरकारी माणूस दुधात भेसळ शोधतो तसं चाललेलं. मला वाटलं आता म्हणतील, शाब्बास.

"मुरणी उजव्या नाकात आलीया," म्हणाल्या.

मेले मी. छापताना चित्र उलटं होतं, हे पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात. पत्र्यावर आधी उलटं काढायचं म्हणजे कागदावर सरळ येतं. मी उत्साहाच्या भरात जसंच्या तसं काढलं. पदर उलट्या खांद्यावर, मुरणी उलट्या नाकपुडीत. एवढा मोठा पत्रा वाया. रडायचंच बाकी होतं. आत्याबाई मात्र म्हणाल्या, दुसरा घे, पण बसू नको. यांना एवढी घाई कसली, पुण्यतिथीला अजून महिना-दीड महिना आहे.

२७ एप्रिल

काही केलं नाही. दिवसभर चिडचिड. चहा उतू गेला.

६ मे

दुसऱ्या पत्र्याचा ठसा. मुरणी जागेवर आली, पदर जागेवर, आणि हातात दुधाच्या कॅनची कडी मी माझ्या मनानं घातली, ती तर फारच झकास. पण डोळे! रंगात असताना जाणवलं नव्हतं. रंग गेले, नुसतं काळं-पांढरं उरलं आणि फसवणूक उघडी पडली. नाकाची सावली डाव्या गालावर आहे, म्हणजे ऊन उजवीकडून. डोळ्यातला चमकीचा ठिपका मात्र डावीकडं. एका माणसाच्या तोंडावर दोन सूर्य उगवलेत.

शिवाय डोळे त्या चेहऱ्याच्या मानानं मोठे, भुवईखाली बळंच बसवलेले. आणि नजर अशी की बाई आत्ता कुणाला तरी भ्यालीय. जी बाई दुधाची घागर डोक्यावर घेऊन बीडपर्यंत चालली, सरकारी साहेबाशी भांडली, ती भीती घेऊन बसेल? बंकट पेंटरला ट्रकच्या मागं मोर रंगवायची सवय, त्याला माणसाचे डोळे काय जमणार. त्याच्या नावानं मनसोक्त बोटं मोडली.

तांब्यावरची रेषा खोडायची तर खरवडावं लागतं, मग पोलादी घोटणीनं घासून सपाट करावं लागतं. दुपारभर घासत होते. आत्याबाई दारातून दोनदा येऊन गेल्या. काय चाललंय, विचारलं. मी म्हटलं, तुमच्या आईचे डोळे खोडतेय, नीट नाहीत ते. त्या चौकट धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "खोड, खोड. चांगली खोड."

१० मे

डोळे पुन्हा काढले, ठिपका उजवीकडं घेतला. आता दुकानातल्या बाहुलीचे वाटतात. पुन्हा घासले.

डोकं उठलं म्हणून छावणीत गेले. पत्र्याच्या सावलीला गाई, गाईंच्या सावलीला माणसं. गहिनीनाथ वाळले आहेत. डबा खाता खाता मी माझंच पुराण लावलं, दोन सूर्य आणि बंकट आणि बाहुली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, आईकडं जरा बघ. मागच्या बारीला आली तेव्हा दावणीच्या खुंट्याला दोनदा ठेचकाळली. मी म्हटलं, अहो, मी काय चोवीस तास त्यांच्या पायाकडं बघत बसू का? इकडं माझी झोप उडालीय. ते गाईला पाणी दाखवायला उठले. येताना एसटीत मलाच वाईट वाटत राहिलं, पण कशाचं ते नीट समजेना.

१५ मे

बायनाबाई ताक घेऊन आल्या होत्या. गाय छावणीत असताना ताक कुठून आणलं हे विचारू नको, म्हणाल्या. ठसा पाहिला. डोळ्यांच्या जागी नुसता पांढुरका भाग, घासलेला. मी म्हटलं, बंकटनं डोळे चुकवलेत, तो मूळ फोटो कुठं मिळेल का, ज्यावरून त्यानं काढलं?

बायनाबाईंनी भांडं खाली ठेवलं आणि सांगायला लागल्या. केशरबाईंचा जिवंतपणी फोटोच नव्हता. मृगाच्या तोंडावर बीडहून परतताना त्यांना ऊन लागलं आणि चार-पाच दिवसांत गेल्या. तेव्हा बायकांना वाटलं, संस्था हिची, आणि हिचं तोंड पुढं कुणाला दिसणार नाही. म्हणून बीडचा फोटोवाला बोलावला. नेण्याआधी त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं, पाठीला उशी दिली, पदर नीट केला आणि फोटो काढला. तेव्हा गावोगाव असंच करत, त्यात कुणाला काही वाटत नव्हतं. मग बंकट पेंटरनं त्यावरून रंगीत केलं आणि डोळे उघडले.

म्हणजे अंगणातलं ऊन उजवीकडून आलेलं, ते खरं होतं. पण डोळे? बंकटनं डोळे आणले कुठून? बायनाबाई ताकाचं भांडं उचलत म्हणाल्या, ते तुझ्या सासूला, छबूला विचार. मी आत जाऊन विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, भांडी पडलीत, आणि उठून गेल्या. राखेनं आधीच घासून ठेवलेली भांडी त्या पुन्हा घासत बसल्या.

१९ मे

मला सुचलं! डोळे कुणाचेच नाहीत ना, मग माझे घालते. आरसा समोर ठेवून काढते. आजच्या बाईच्या नजरेतून कालची बाई. औरंगाबादच्या प्रदर्शनात ठेवलं तर लोक बघत राहतील. आरशातलं आधीच उलटं, म्हणजे पत्र्यावर सरळ काढता येईल. इतके दिवस हे सुचलं कसं नाही?

२० मे

माझ्या डोळ्यांचा ठसा काढला. चांगला आला होता, खोटं कशाला बोलू. नजर धीट, ऊन उजवीकडून. कागद सुकायच्या आत आत्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी नाकाशी नेला, पदरापासून पाहत पाहत वर आल्या आणि डोळ्यांवर थांबल्या.

"आता तुझे?" म्हणाल्या. "आन तिला तिचे कवा मिळायचे?"

मला कळेना. मी म्हटलं, तिचे म्हणजे कुठले, ते तर कुणालाच माहीत नाहीत, तुम्हीच सांगा बंकटनं कुणाचे काढले. तशा त्या खाली बसल्या आणि पहिल्यांदा बोलल्या. मी मध्ये एक शब्द घातला नाही. माझ्या बाबतीत हे नोंद करण्यासारखंच आहे.

बंकट फोटो घेऊन बसला आणि म्हणाला, मिटलेल्या डोळ्यांची तसबीर कुणी कचेरीत लावत नाही. रक्तातलं कुणीतरी समोर बसवा, त्याचे घेतो. मग बारा वर्षांच्या छबूला कचेरीच्या दारात बसवलं. उजेड डावीकडून यायचा. एका बाजूला बंकट, आणि त्याच्या फळीला टाचलेला आईचा तो फोटो, तिच्या अगदी समोर. आईला जाऊन चार दिवस झालेले. पोरगी हुंदका द्यायला लागली की बंकट ओरडायचा, आणि जमलेल्या बाया समजावायच्या, की रडू नको, डोळे लाल होतात, चित्र बिघडतं, मग तुझी आई कायमची बिघडली म्हणून समज. तिनं दोन्ही हात खाली दाबून ठेवले आणि रडली नाही. चित्र झालं तेव्हा सगळा गाव म्हणाला, जशी जितीच बसलीया. मग धाकटी भावंडं होती, भाकरी होती, खडीवर जायचं होतं.

"मग रडायचं ऱ्हाऊनच गेलं बघ," आत्याबाई म्हणाल्या. "त्या तसबिरीकडं बघितलं की मीच माझ्याकडं बघते. आई दिसतच न्हाई मला."

मी विचारलं, मग मी काय करू? त्या म्हणाल्या, "मिटून टाक. लई चालली ती उनातानात. झोपू दे."

२१ मे

मिटलेले डोळे म्हणजे मेलेली बाई. कचेरीत कोण लावेल? आणि मी तरी? पंधरा दिवस त्या डोळ्यांसाठी मर मर मरले ते काय मिटण्यासाठी? पत्रा पालथा घालून ठेवलाय. पंखा लावला तर वीज गेली. बाहेर गेले तर ऊन. आत-बाहेर, आत-बाहेर करत दिवस घालवला. आत्याबाईंनी एकदाही विचारलं नाही, त्यामुळं जास्तच वैताग आला.

२४ मे

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

रसायनाची प्लास्टिकची परात मी गोठ्याच्या दाराशी ठेवली होती, उजव्या हाताला, भर उजेडात. पिवळं-तपकिरी पाणी, लांबून दिसेल असं. आत्याबाई चहा घेऊन आल्या आणि सरळ परातीत पाय घातला. परात उलटली, कप फुटला, लुगडं घोट्यापर्यंत पिवळं. मी किंचाळले. आधी त्यांच्यावर, मग त्यांच्यासाठी. कागदाला ठेवलेलं सगळं पाणी त्यांच्या पायावर ओतलं. त्या आपल्या शांतपणे म्हणाल्या, "हितं काय होतं गं?"

होतं म्हणजे? केवढी परात, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. माठ, चौकट, बायनाबाईंची हाक, खुंटा, नाकाशी धरलेला कागद. मी त्यांच्या बाजूला उभी राहून हात वर केला. विचारलं, माझा हात दिसतोय? त्या म्हणाल्या, कुठला हात?

मी दिवसभर डोळ्यांकडं बघणारी बाई. ठिपका डावीकडं की उजवीकडं यावर रात्रीची झोप घालवणारी. माझ्या थोबाडीत मारायला कुणी नव्हतं तिथं, म्हणून बरं.

२५ मे

बीडला डोळ्याच्या डॉक्टरांकडं. काचबिंदू. कडेची नजर गेलीय, मधलं एवढंसं उरलंय, उजव्या डोळ्यात तर नावापुरतं. थेंब घालून आहे ते टिकवता येईल असं म्हणाले, पण किती दिवस त्याची खात्री देत नाहीत. गेलेलं परत येत नाही.

रिक्षात मी विचारलं, आत्याबाई, एवढी नजर गेली आणि तुम्ही बोलला नाहीत? कावून सांगू, म्हणाल्या. सांगितलं असतं तर तू दवाखान्याच्या मागं लागली असतीस आणि तांब्याचं राहिलं असतं. मला ते बघायचं होतं.

एवढं बोलून रस्त्यावरच्या दुकानांकडं तोंड करून बसल्या. त्यांना त्यातलं काय दिसत होतं देव जाणे. मी त्यांचा हात धरून ठेवला आणि पालीपर्यंत सोडला नाही.

३० मे

माझे डोळे खरवडून काढले. वाईट वाटलं का? वाटलं थोडं, चांगले आले होते.

पण मिटलेल्या पापण्या कशा काढायच्या? फोटो बंकटबरोबर गेला. मी आत्याबाईंना म्हटलं, तुम्ही डोळे मिटून पडा, तुमचे बघून काढते. त्या म्हणाल्या, पुन्यांदा माझेच व्हय? मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग त्यांनीच मला समोर बसवलं आणि डोळे मिटायला लावले. म्हणाल्या, तिचे मीच मिटलेते, मला हाताला ठावं हाय. आणि माझ्या पापणीवर बोट फिरवत सांगायला लागल्या. हितं तिची जाड होती, कोपऱ्याला. डावी पुरती मिटत नव्हती, झोपेतसुद्धा बारीक फट राहायची. पापणीचे केस आखूड, चुलीनं जळालेले. त्यांचं बोट भेगाळलेलं आणि राखेचा वास येणारं. मी मिटल्या डोळ्यांनीच कागदावर रेषा ओढत गेले. मग डोळे उघडून पाहिलं तर रेषा वेड्यावाकड्या होत्या, पण काय करायचं ते समजलं होतं.

तांब्यावरून काहीच पुरतं जात नाही. कितीही घोटलं तरी पापण्यांच्या खाली आधीच्या डोळ्यांची धूसर सावली राहिलीच. घोटून घोटून मनगट सुजलं, शेवटी सोडून दिलं.

४ जून

रसायन नाही. परातीतलं सगळं मातीत गेलं होतं. औरंगाबादहून मागवलंय, गाडीत अडकलंय म्हणतात. टँकरही आला नाही. सुग्रीवला सांगितलं, चार दिवस दे. पापण्यांचंही सांगितलं. तो म्हणाला, वहिनी, राग मानू नका, पण कचेरीत मिटल्या डोळ्यांची बाई लावली तर लोक म्हणतील संस्था मेली. आधीच दूध निम्म्यावर आलंय. त्याचंही खोटं नाही. मी भांडले नाही, हे बघून तोच घाबरला.

९ जून

पुण्यतिथी झाली. भिंतीवर फ्लेक्स लागलं. सायीसारख्या केशरबाई, मागं ढग. हार घातला, फोटो काढले, पेढे वाटले. माझी फजिती सगळ्यांनी गोड मानून घेतली. आत्याबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मान खाली घालून. बायनाबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, तुझं झालं की मला एक दे, मी चुलीपाशी लावीन. आणखी दोघी-तिघींनी तेच सांगितलं, सुग्रीवला ऐकू जाणार नाही असं.

घरी आल्यावर आत्याबाईंच्या डोळ्यांत थेंब घातले. म्हणाल्या, आज डाव्यातसुद्धा धुकं आल्यासारखं वाटतंय.  रसायन आजच आलंय. उद्याच पत्रा बुडवते.

१२ जून

पत्रा तयार, शाई तयार, आणि कागद भिजवायला पाणी नाही. पिंपाच्या बुडाशी पिण्यापुरतं. मी डोकं धरून बसले होते तर आत्याबाई भिंतीला हात लावत लावत आल्या आणि तांब्याचं घंगाळ माझ्यापुढं ठेवलं. त्यांच्या आंघोळीचं पाणी. म्हणाल्या, मी एक दिवस पारोशी राहिले तर कुणी मरत न्हाई. गहिनीनाथ कालच आलेत, ते काही बोलायला गेले, त्यांनाही गप्प केलं.

कागद त्या पाण्यात भिजवला. पत्र्याला शाई भरली, जाळीच्या कापडानं पुसली, मग तळहातानं पुसली. चाक गहिनीनाथांनी फिरवलं. कागद सोलताना मी पाहिलंच नाही, सरळ त्यांच्याकडं नेला आणि गोठ्याच्या उंबऱ्यात उजेडाला धरला.

त्यांनी डावा डोळा कागदाला लावला. पदरापासून सुरुवात केली. खांदा, कॅनची कडी, मग मान, हनुवटी. मुरणीपाशी थांबून म्हणाल्या, हां, डाव्या नाकात हाय. मग वर सरकल्या. पापण्यांपाशी आल्या आणि तिथंच राहिल्या. बोट उचललं, कागदाला लावलं नाही, नुसतं वर धरून डाव्या पापणीच्या फटीवरून फिरवलं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. छपाई कशी झालीय, सावली उठलीय का, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं आणि मी ते गिळलं.

"सिंधू," त्या म्हणाल्या, "आता रडले तर चालंल का? चित्र बिघडणार न्हाई ना?"

मी म्हटलं, चालेल आत्याबाई, कागद तसाही ओलाच आहे.

त्या उंबऱ्यात बसल्या आणि लहान पोरीसारख्या मोठ्यानं रडल्या. गहिनीनाथ चाकापाशी उभेच राहिले. माझे दोन्ही हात शाईनं काळे, धुवायला घरात पाणी नाही. मी तशीच त्यांच्याजवळ खाली बसले.